अर्थशास्त्र शिकवणाऱ्यांना शिकवताना

अंबाजोगाई

चि. ताईस,


माध्यमिक शिक्षकांच्या प्रशिक्षणात अर्थशास्त्राचा भाग तुझ्याकडे आल्याचं कळलं, फार आनंद झाला. ‘मामा, दोन दिवसांत काय काय घेऊ?’ असं तू विचारलंस. फोनवर चार वाक्यांत उरकावं असं हे काम नाही, म्हणून लिहितो आहे.

तुझ्यासमोर बसणारे बहुतेक जण भूगोलाचे किंवा इतिहासाचे असतील. अर्थशास्त्र त्यांनी बारावीनंतर हाती घेतलेलं नसेल, काहींनी तर कधीच नाही. नववीच्या भूगोलात आठवं प्रकरण ‘अर्थशास्त्राशी परिचय’ हे आहे, पुढचं व्यापाराचं, आणि दहावीला ‘अर्थव्यवस्था व व्यवसाय’. वाऱ्यांवर, नद्यांवर रंगून बोलणारा शिक्षक इथे पोहोचला की फळ्यावर व्याख्या लिहून देतो आणि पुढे सरकतो. त्याला आळशी समजू नकोस. या प्रकरणाचं काय करायचं हे त्याला कुणी दाखवलेलंच नाही. ते दाखवणं एवढंच तुझं काम आहे. एम.ए.च्या नोट्स घरीच ठेव.

माझं सांगणं एकच आहे: आधी हिशोब, मग संकल्पना. आपल्या बीड जिल्ह्यातल्या पोराला कर्ज, जोखीम, मजुरी, टंचाई यांची नावं ठाऊक नसतील, पण हे सगळं त्याच्या अंगावरून गेलेलं असतं. शिक्षकाने त्याच्या हातात आकडे द्यावेत, बेरीज-वजाबाकी करू द्यावी, आणि कोडं पडलं की मगच संज्ञा सांगावी. शिक्षकांनाही तसंच शिकव. त्यांना कागद-पेन्सिल घेऊन हिशोब करायला लाव.

पहिला हिशोब उचलीचा घे. समजा, एका कोयत्याने, म्हणजे ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीने, मुकादमाकडून एक लाख रुपये उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतली. तोडणीचा दर टनाला साडेतीनशे धरू आणि दिवसाला दोन टन तोड धरू. उचल फिटायला सुमारे २८६ टन ऊस तोडावा लागेल, म्हणजे १४३ दिवस. आता शिक्षकांना विचार: पाऊस झाला, बाई आजारी पडली, खाडा झाला तर? ऊस कमी असल्याने कारखान्याचा पट्टा लवकर पडला, म्हणजे हंगाम लवकर संपला तर? राहिलेली बाकी पुढच्या हंगामावर कशी जाते? तोटा कारखान्याचा, मुकादमाचा की जोडीचा? एवढ्या प्रश्नांतून कर्ज, जोखीम आणि कामावर आधारित मजुरी वर्गात येते. मग पुढचा प्रश्न: ही जोडी गावातच राहिली असती तर काय मिळवलं असतं, आणि जाताना काय सोडून गेली? संधी खर्च म्हणजे काय ते इथे कळतं. २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली होती. दर वाढला, पण त्याच काळात डाळ, औषधंही महागली. मग पदरात खरं किती पडलं, हे शोधायला लाव. वास्तव वेतन आपोआप समजेल.

दुसरा हिशोब पीक विम्याचा. ‘बीड पॅटर्न’ हा शब्द शिक्षकांनी ऐकलेला असतो, पण त्यामागचं गणित फार थोड्यांना माहीत असतं. आपल्या जिल्ह्याचा विमा घ्यायला कंपन्या पुढे येईनात, तेव्हा २०२० च्या खरिपात ८०-११० चं सूत्र इथे आलं. एकूण हप्ता १०० कोटी धर. भरपाई ४० कोटींचीच द्यावी लागली, तर कंपनीने २० कोटी ठेवायचे आणि ४० कोटी सरकारला परत करायचे. भरपाई १३० कोटींवर गेली, तर कंपनीची जबाबदारी ११० कोटींपर्यंत, वरचे २० कोटी राज्य सरकारचे. कंपनी असा करार का मान्य करते, सरकार का करतं, आणि शेतकऱ्याच्या वाट्याला यात काय बदललं, हे गटांत बोलू दे. खाजगी नफा आणि सार्वजनिक पैसा यांची सांगड कशी घातली जाते, हे दाखवणारं इतकं जवळचं उदाहरण शोधून मिळणार नाही.

तिसरा ठेवीचा. पतसंस्थांत आणि अनेक राज्यांत चालणाऱ्या मल्टिस्टेट पतसंस्थांत आयुष्याची पुंजी अडकलेली माणसं आता गावोगावी आहेत. बँकेतल्या ठेवीला २०२० च्या फेब्रुवारीपासून पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, सहकारी बँकेतल्या ठेवीलाही आहे. पतसंस्थेतल्या किंवा मल्टिस्टेट पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. जास्त व्याज कोण देतं आणि का देतं, हा प्रश्न नववीतल्या मुलीला पडला, तर ती घरी जाऊन आई-वडिलांना विचारेल. या एका तासिकेची किंमत मोठी आहे, ताई.

आता सगळ्यांत जपून करायची गोष्ट. उत्साहाच्या भरात एखादा शिक्षक वर्गात विचारेल, ‘तुझ्या घरी उचल किती आहे रे?’ हे होऊ देऊ नकोस. मुलाची गरिबी चारचौघांत उघडी करून शिकवलेलं अर्थशास्त्र त्याला आयुष्यभर टोचतं. हिशोब नेहमी कल्पित घराचा मांडावा. ज्याला स्वतःचं सांगावंसं वाटेल तो सांगेल. ज्याला नको वाटेल त्याला त्या घराच्या आडून बोलता येईल. प्रशिक्षणाच्या पहिल्याच तासाला हे स्पष्ट सांग, आणि दुसऱ्या दिवशी परत सांग.

वेळेचंही बघ. पुस्तकाच्या क्रमाने गेलं तर आठवं प्रकरण दुसऱ्या सत्रात येतं. तोवर केज, धारूर, वडवणी, पाटोदा भागातले कोयते गेलेले असतात, आणि काही मुलं हंगामी वसतिगृहात राहिली तरी कितीतरी आई-बापांबरोबर उसाच्या फडावर असतात. ज्यांच्या जगण्याचा हा धडा, तीच वर्गात नसतात. म्हणून हे प्रकरण दसऱ्याच्या आत शिकवा, असा आग्रह धर. मुख्याध्यापकांशी बोलून वार्षिक नियोजनात तसा बदल करून घेता येईल.

शिक्षकांना आपल्या मातीतली मोठी कामंही सांग. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातलं दारिद्र्य मोजून मांडलं. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ मध्ये राज्याने तिचा कायदा केला, आणि २००५ मध्ये देशानेही तसा कायदा आणला. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडलेले आजोबा-आजी अजून काही घरांत आहेत. त्यांच्याशी मुलांनी बोलावं. निजामाच्या काळात चालणारा हाली सिक्का, सात हालीला सहा इंग्रजी रुपये हा भाव, हेही ‘पैसा’ शिकवताना विचारता येईल.

एक शिस्त मात्र पाळायला लाव. हमीभाव, कर्जमाफी, आयात या प्रश्नांवर शिक्षकाची मतं असणारच. वर्गात त्याने दोन्ही बाजू प्रामाणिकपणे मांडाव्यात. कापसाला भाव हवा म्हणणारा शेतकरी आणि सूत स्वस्त हवं म्हणणारा विणकर, दोघांचंही म्हणणं मुलांच्या तोंडून यावं. मग कुणाचं किती पटतं, ते मुलांनी कारणं देऊन ठरवावं.

दोन दिवसांतला पहिला दिवस या हिशोबांना दे. दुसऱ्या दिवशी बोलू नकोस, ऐक. प्रत्येक गटाने पाठटिपण करून वीस मिनिटांचा पाठ घ्यावा, बाकीच्यांनी विद्यार्थी व्हावं. आणि महिन्याभराने दोन-तीन शाळांत स्वतः जाऊन मागच्या बाकावर बस. प्रशिक्षणाचं खरं मूल्यमापन तिथेच होतं. समारोपाच्या अभिप्रायात सगळेच छान लिहितात.

तुझे हिशोबाचे कागद तयार झाले की पाठव. आकडे तपासून देईन, आणि कुठला प्रश्न राहिला आहे तेही कळवीन.

तुझा,
मामा