उभ्या टाकीचा हिशेब

माहुलच्या वसाहतीतल्या २२५ चौरस फुटांच्या घरात माशांची टाकी ठेवायची म्हटलं की माणूस उंच टाकीकडेच वळतो. आडव्या टाकीला मोकळी भिंत लागते. इथे भिंतीवर कपाट, टीव्ही आणि देव्हारा आधीच बसलेले असतात. आमच्याकडेही तशीच आली: दीड बाय दीड फूट, उंची अडीच फूट. दुकानदाराने सांगितलं, "दीडशे लिटर पाणी आहे, बिनधास्त भरा." त्या हिशेबाने भरलेल्या टाकीत पहिल्याच उन्हाळ्यात मासे सकाळी वर येऊन तोंडं उघडमीट करायला लागले.

लिटर मोजून मासे ठरवणं उभ्या टाकीत अंगलट येतं. पाण्यात प्राणवायू शिरतो तो वरून, जिथे पाणी आणि हवा भेटतात तिथून. आमच्या टाकीचा वरचा पृष्ठभाग सव्वादोन चौरस फूट. तेवढंच पाणी तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि सव्वा फूट उंच टाकीत ओतलं तर तोच पृष्ठभाग साडेचार होतो, म्हणजे बरोबर दुप्पट. त्यात पाणी तापलं की प्राणवायू आणखी कमी धरतं. म्हणून आडव्या टाकीच्या निम्मे मासे, आणि तळाशी स्पंज फिल्टर. त्याचे बुडबुडे वर येताना खालचं पाणी ओढून आणतात. नाहीतर तळ नुसता कुजत राहतो.

उंचीला शोभतो तो एंजलफिश. मोठा झाला की पंखांसकट वीतभर उंच होतो. पण निऑन टेट्रा त्याच्यासोबत सोडू नका, मोठा एंजल त्यांचा फराळ करतो. टायगर बार्ब तर एंजलचे लांब पंख कुरतडतो. झेब्रा डानिओला सरळ पळायला लांबी हवी, उंची त्याच्या काही कामाची नाही. कोरिडोरास तळाला राहतो खरा, पण अधूनमधून हवा गिळायला वर येतो. अडीच फुटांची ती चढउतार मला बघवत नाही. पर्ल गुरामी मात्र वरच्या थरात खुशाल राहतो. आणि मासे आणण्याआधी फिल्टर चार ते सहा आठवडे मुरू द्या. नुसतं पाणी फिरवून भागत नाही, रोज चिमूटभर खाद्य टाका म्हणजे फिल्टरमधल्या जंतूंना वाढायला अमोनिया मिळतो.

सजावटीचं सांगायलाच हवं, कारण खाडी जवळ. पोरं तिसऱ्यांचे, कालवांचे शिंपले आणतात, धुऊन पांढरेशुभ्र करतात आणि टाकीत मांडतात. दिसतात छान. पण शिंपला म्हणजे चुनाच. तो हळूहळू विरघळतो, आपलं तलावांचं मऊ पाणी जड होतं, पीएच चढतो आणि चढत्या पीएचमध्ये तोच अमोनिया जास्त विषारी ठरतो. दुकानातलं प्रवाळही त्याच जातीचं, शिवाय खरं प्रवाळ बाळगणं वन्यजीव कायद्यात बसत नाही. त्यापेक्षा आपला काळा दगड घ्या. त्यात पांढरे खडे दिसले तर मात्र व्हिनेगरचे चार थेंब टाकून बघा. फसफसला की तो दगड कुंडीत ठेवा.

उजेड तळापर्यंत नीट पोचत नाही, त्यामुळे खाली नाजूक झाडं लावून पैसे घालवू नका. लाकडाच्या उभ्या ओंडक्याला अनुबियास आणि जावा फर्न दोऱ्याने बांधा. व्हॅलिसनेरिया वरपर्यंत चढतो. आणि काहीही तळाशी ठेवण्यापूर्वी बाही वर करून हात पोचतो का ते बघा. माझा पोचत नाही, स्टुलावर चढावं लागतं.

एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. स्पंज फिल्टर चालवणारा हवेचा पंप खोलीतलीच हवा ओढतो, आणि डासांच्या लिक्विडमधलं औषध माशांना भलतंच विषारी. ते यंत्र टाकीपासून लांब लावा. पेस्ट कंट्रोलवाले येतील त्या दिवशी पंप बंद, टाकीवर प्लास्टिक, आणि घराला चांगला वारा लागला की मगच उघडायचं. मासे मोजके असले तर तेवढा वेळ ते काढतात.