‘प्रिटेंड’ लिहिताना जपून



आपल्यापैकी काहीजण वसतिगृहातील मुलांचे इंग्रजी पाहतात, काहीजण कार्याचे अहवाल इंग्रजीत लिहून देतात. म्हणून या अंकात ‘प्रिटेंड’ या एकाच क्रियापदाविषयी लिहितो. त्याची मोठी चूक माझ्याच हातून झाली आहे.

काही वर्षांपूर्वी पाड्यावरील एका बापाविषयी मी अहवालात लिहिले, ‘ही प्रिटेंडेड दॅट ही हॅड नो मनी.’ मला म्हणायचे होते, जवळ पैसे नाहीत असे तो म्हणाला. वाचणाऱ्यांनी घेतला तो इंग्रजीतला सरळ अर्थ: पैसे असून त्याने नसल्याचे सोंग केले. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही, असे आपण म्हणतो. माझ्या वाक्याने त्या बिचाऱ्याच्या माथी उलटेच सोंग मारले. मुलीच्या खर्चाची मदत थांबली आणि माझा खुलासा पोचेपर्यंत पोर घरी बसली. ‘सेड’ एवढा साधा शब्द तिथे पुरला असता. बापाला मी हे सांगितले तेव्हा तो हसला. मला हसू आले नाही.

‘प्रिटेंड’ एका दमात दोन गोष्टी सांगते: असे भासवले, आणि खरे तसे नव्हते. दुसरी गोष्ट खात्रीने ठाऊक नसेल तर हा शब्द वापरू नये.

दावीद गथच्या आखीश राजापुढे वेड्यासारखा वागला (१ शमुवेल २१). तो वेडा नव्हता, भीतीने तसे वागला, हे त्याच अध्यायात आहे. म्हणून ‘डेव्हिड प्रिटेंडेड टू बी मॅड’ हे बरोबर. मधले ‘टू बी’ मुले हमखास गाळतात. झोपेचे सोंग घेणाऱ्यासाठीही ‘प्रिटेंडेड टू बी आस्लीप’ किंवा ‘प्रिटेंडेड दॅट ही वॉज आस्लीप’ लिहावे; ‘प्रिटेंडेड स्लीपिंग’ नव्हे.

‘नॉट’ची जागा मात्र नीट पाहा. ‘ही प्रिटेंडेड नॉट टू बी इल’ म्हणजे आजारी असून त्याने बरा असल्याचे भासवले. ‘ही डिड नॉट प्रिटेंड टू बी इल’ म्हणजे त्याने आजाराचे सोंग केले नाही. घरी पाठवतील या भीतीने ताप अंगावर काढणारी मुले आपण सर्वांनी पाहिली आहेत. त्यांच्याविषयी लिहिताना पहिले वाक्य लागते.