नेटवर्कबाहेरच्या हॉस्पिटलचा क्लेम नाकारला? अशी मागा दाद

ठाकुर्लीत राहणाऱ्याला मणक्याचा किंवा डोळ्याच्या पडद्याचा चांगला सर्जन दर वेळी विमा कंपनीच्या यादीतल्याच हॉस्पिटलात सापडेल असं नाही. कधी डोंबिवलीतल्या छोट्या हॉस्पिटलात जावं लागतं, कधी ठाण्याला, कधी थेट परळला. पैसे आपण भरतो, बिलं पाठवतो आणि काही आठवड्यांनी ‘क्लेम नामंजूर’ असं पत्र येतं. घाबरू नका. त्या पत्राला उत्तर देता येतं आणि ते आपण आता मिळून तयार करू. टेबल मोकळं करा. पत्र, पॉलिसी, हॉस्पिटलची फाइल, पेन आणि कॅलेंडर समोर घ्या. पायऱ्या दिलेल्या क्रमानंच करा.

१. नेमकं काय नाकारलंय ते बघा.
पत्रात फक्त ‘कॅशलेस नामंजूर’ असेल, तर तुमचा क्लेम अजून शाबूत आहे. बिल भरा, मूळ पावत्या घ्या आणि रिइम्बर्समेंटचा क्लेम लावा. पुढच्या पायऱ्या ज्यांचा क्लेमच नाकारला असेल किंवा ज्यांची रक्कम कापली असेल, त्यांच्यासाठी आहेत. सावधान: रिइम्बर्समेंटची मुदत पॉलिसीत दिलेली असते आणि ती डिस्चार्जच्या दिवसापासून धावायला लागते.
(पेशंट अजून दाखल व्हायचा असेल, तर आत्ताच कंपनीला कळवा. जानेवारी २०२४ पासून ‘कॅशलेस एव्हरीव्हेअर’ची सोय आहे. ठरवून करायच्या ऑपरेशनला ४८ तास आधी आणि तातडीच्या वेळी दाखल झाल्यापासून ४८ तासांच्या आत कळवलं, तर नेटवर्कबाहेरही कॅशलेस मागता येतं.)

२. पत्रातल्या कारणाभोवती पेनानं गोल करा.
पॉलिसीच्या कोणत्या अटीखाली क्लेम नाकारला, हे कंपनीनं लिहायलाच हवं. नुसतंच ‘अटींनुसार देय नाही’ असं असेल किंवा फोनवर सांगितलं असेल, तर ‘कोणत्या कलमाखाली, ते लेखी कळवा’ असा दोन ओळींचा ईमेल आजच टाका. सावधान: कॉल सेंटरशी वाद घालू नका. तिथे बोललेलं पुढे कुठेच उपयोगी पडत नाही.

३. कॅलेंडरवर दोन तारखा लिहा.
पत्र मिळाल्यापासून एक वर्ष, ही विमा लोकपालांकडे जायची कड. दोन वर्षं, ही ग्राहक आयोगाची. लोकपालांचं वर्ष खरं तर तुमच्या तक्रारीवर कंपनीनं दिलेल्या उत्तरापासून मोजतात, पण तुम्ही पहिल्याच पत्रापासून मोजा, म्हणजे चूक व्हायला जागाच राहत नाही.

४. पॉलिसीची पूर्ण पुस्तिका काढा.
नाव आणि रक्कम असलेली दोन पानं पुरत नाहीत. व्याख्या, वगळलेल्या गोष्टी आणि अटी असलेली सगळी पानं हवीत. ऑफिसची ग्रुप पॉलिसी असेल तर एचआरकडून मागा. सावधान: दाखल झालेल्या दिवशी चालू असलेल्या वर्षाचीच प्रत घ्या, कारण नूतनीकरणात अटी बदललेल्या असू शकतात.

५. कंपनीचं कारण पुस्तिकेतल्या मूळ वाक्याशी ताडून बघा.
इथे घाई करू नका. सगळी दाद याच पायरीवर उभी राहते.
पत्रात ‘नेटवर्क हॉस्पिटल नाही’ एवढंच असेल, तर नेटवर्कचा उल्लेख पुस्तिकेत कुठे कुठे आहे ते शोधा. बहुतेक पॉलिसींत तो कॅशलेसपुरता असतो आणि रिइम्बर्समेंट व्याख्येत बसणाऱ्या कोणत्याही हॉस्पिटलच्या बिलावर मिळतं. काही पॉलिसींत नेटवर्कबाहेर गेल्यास ठरावीक टक्के रक्कम आपण सोसायची अट असते. तशी अट असेल तर तेवढीच रक्कम कापता येते, सगळा क्लेम उडवता येत नाही.
‘वगळलेलं हॉस्पिटल’ असं लिहिलं असेल, तर गोष्ट वेगळी. नेटवर्कमध्ये नसणं आणि कंपनीनं नाव घेऊन वगळणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. वगळलेल्यांची नावं कंपनीनं आपल्या वेबसाइटवर टाकलेली किंवा तुम्हाला कळवलेली असावी लागतात. पेशंट दाखल झाला त्या दिवशी नाव यादीत होतं का, याचा पुरावा मागा. आणि नाव खरोखर यादीत असलं, तरी जिवावर बेतलं असताना किंवा अपघातानंतर पेशंट स्थिर होईपर्यंतचा खर्च देय असतो.
कारण ‘उशिरा कळवलं’ असेल, तर उशीर का झाला त्याचा कागद जोडा. उशीर टाळता येण्यासारखा नव्हता, तर निव्वळ त्या कारणावर खरा क्लेम नाकारू नये, असं आयआरडीएआय या विमा नियामकानं २०११ सालीच कंपन्यांना बजावलं आहे.

६. हॉस्पिटलच्या नोंदणी प्रमाणपत्राची प्रत आणा.
डोंबिवली-ठाकुर्लीतल्या छोट्या हॉस्पिटलांच्या बाबतीत ‘१५ बेड नाहीत, म्हणून हे हॉस्पिटलच नाही’ असं उत्तर येऊ शकतं. आता पुस्तिकेतली हॉस्पिटलची व्याख्या काढा आणि बोट ठेवून वाचा. नेहमीच्या व्याख्येत दोन भाग असतात आणि मध्ये ‘किंवा’ असतो. कायद्याखाली स्थानिक यंत्रणेकडे नोंदणी, किंवा बेड, चोवीस तास नर्स, ऑपरेशन थिएटर वगैरे अटी. यातला एक भाग पूर्ण झाला की पुरे! आपल्याकडे ही नोंदणी १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली होते. केंद्राच्या २०१० च्या क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायद्याच्या अनुसूचीत या कायद्याचं ‘बॉम्बे’ या जुन्या नावानं नोंद आहे आणि व्याख्येचा पहिला भाग त्याच अनुसूचीकडे बोट दाखवतो. म्हणजे कल्याण-डोंबिवली महापालिकेची नोंदणी असलेल्या आठ बेडच्या हॉस्पिटललाही पहिला भाग लागू पडतो. बिलिंग काउंटरवर मागा, प्रत मिळते. सावधान: प्रमाणपत्राची मुदत तपासा. दाखल झालेला दिवस त्यात बसलाच पाहिजे.

७. हॉस्पिटलकडून पूर्ण इनडोअर केस पेपर मागा.
डिस्चार्ज कार्ड म्हणजे सारांश. रोजच्या नोंदी, नर्सचा चार्ट, ऑपरेशनच्या नोंदी आणि तपासण्यांचे रिपोर्ट सगळं हवं. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. मागितल्यापासून ७२ तासांत नोंदी द्याव्यात, असा डॉक्टरांसाठीचा नियम आहे. ‘रेकॉर्ड रूम बंद आहे’ म्हणाले तर हे नम्रपणे सांगा.

८. स्पेशालिस्टकडून खुलाशाचं पत्र घ्या.
‘दाखल करायची गरज नव्हती’ किंवा ‘फक्त तपासणीसाठी दाखल केलं’ हे कारण असेल, तर हे पत्र तुमचं सगळ्यात मोठं बळ. डॉक्टर घाईत असतात, म्हणून प्रश्न कागदावर लिहून न्या:
दाखल केलं तेव्हा पेशंटची अवस्था काय होती?
ओपीडीत किंवा घरी उपचार का चालले नसते?
हेच ऑपरेशन किंवा हीच पद्धत का निवडली?
आणखी थांबलं असतं तर काय धोका होता?
पत्र लेटरहेडवर, सही-शिक्क्याचं आणि डॉक्टरांच्या नोंदणी क्रमांकासह असावं. ‘रुग्णास दाखल करणे आवश्यक होते’ या एका ओळीवर समाधान मानू नका. ‘डाव्या पायातली ताकद दोन दिवसांत कमी झाली, लघवीवरचा ताबा सुटू लागला, एमआरआयमध्ये नस दाबलेली दिसली’ अशा नोंदी असतील तरच कंपनीचा डॉक्टर मान डोलावतो. सावधान: मजकूर केस पेपरशी जुळलाच पाहिजे. जुन्या नोंदीत खाडाखोड करा असं कधीही सुचवू नका, खरा क्लेम त्यानंच बुडतो.

९. रक्कम कापली असेल तर हॉस्पिटलचं दरपत्रक घ्या.
‘वाजवी आणि प्रचलित दरापेक्षा जास्त’ असं म्हणून कापाकापी होते. व्याख्या वाचा: त्यात त्या हॉस्पिटलचा नेहमीचा दर आणि त्या परिसरातला तशाच उपचाराचा दर, दोन्ही येतात. म्हणून दरपत्रकाच्या जोडीला जवळच्या एक-दोन हॉस्पिटलांचं त्याच ऑपरेशनचं अंदाजपत्रकही आणा. कंपनीकडे प्रत्येक कापलेल्या ओळीचं कारण मागा.

१०. तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या नावे पत्र लिहा.
या अधिकाऱ्याचा ईमेल पुस्तिकेत आणि नामंजुरीच्या पत्रात असतो. पत्र दीड पानाच्या आत ठेवा. आपल्याला झालेला मनस्ताप खरा असतो, पण तो इथे लिहू नका. कलमाला कलमानं उत्तर द्या. नमुना असा:

‘विषय: पॉलिसी क्र. …, क्लेम क्र. … – नामंजुरीचा फेरविचार.
आपल्या दि. … च्या पत्रात कलम … खाली, हॉस्पिटल व्याख्येत बसत नाही असे कारण दिले आहे. सदर हॉस्पिटल कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेकडे क्र. … अन्वये नोंदलेले आहे (जोडपत्र २). त्यामुळे व्याख्येचा पहिला भाग पूर्ण होतो. बेडची अट पर्यायी भागात आहे. तरी रु. … चा क्लेम मंजूर करावा. नामंजुरी कायम ठेवायची असल्यास क्लेम रिव्ह्यू समितीचा निर्णय व आधार घेतलेले वैद्यकीय मत यांची प्रत द्यावी.’

शेवटचं वाक्य गाळू नका. आयआरडीएआयच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कंपनीच्या समितीच्या मंजुरीशिवाय आरोग्य विम्याचा क्लेम फेटाळता येत नाही. कंपनीचा पत्रव्यवहार इंग्रजीत असेल, तर हाच मजकूर इंग्रजीत करून घ्या.

११. जोडपत्रांना क्रमांक घाला.
नामंजुरीचं पत्र १, नोंदणी प्रमाणपत्र २, डॉक्टरांचं पत्र ३, पुढे केस पेपर आणि बिलं. प्रत्येक कागदाच्या उजव्या कोपऱ्यात क्रमांक लिहा. तीन झेरॉक्स संच करा. सावधान: मूळ कागद हातातून सोडू नका.

१२. पत्र ईमेलनं आणि स्पीड पोस्टानं पाठवा.
ईमेलची तक्रार क्रमांकासह पोच येते, ती छापून फाइलला लावा. एजंटच्या व्हॉट्सॲपवर टाकलेला फोटो म्हणजे तक्रार नव्हे.

१३. चौदा दिवस थांबा.
कंपनीनं एवढ्या मुदतीत उत्तर द्यायचं असतं. मध्ये फोन आला तर ‘जे आहे ते ईमेलवर कळवा’ एवढंच म्हणा.

१४. ‘बीमा भरोसा’वर तक्रार नोंदवा.
उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर हे आयआरडीएआयचं पोर्टल. ऑनलाइन जमत नसेल तर १५५२५५ या टोल फ्री क्रमांकावर नोंदवता येतं. टोकन क्रमांक लिहून ठेवा. सावधान: नियामक स्वतः क्लेमचा निवाडा करत नाही, तो कंपनीला उत्तर द्यायला लावतो. म्हणून इथेच अडकून राहू नका.

१५. महिना उलटला की विमा लोकपालांकडे जा.
कंपनीनं पुन्हा नाकारलं, उत्तर पटलं नाही किंवा महिनाभर गप्प राहिली, तर दार उघडं आहे. ठाणे जिल्ह्यासाठी कार्यालय ठाणे पश्चिमेलाच आहे: जीवन चिंतामणी इमारत, वसंतराव नाईक महामार्ग. ठाकुर्लीहून स्लो लोकल पकडली की झालं. तक्रार लोकपाल परिषदेच्या पोर्टलवर घरबसल्याही भरता येते. फी नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात. सावधान: जुन्या पॉलिसीत आपल्या भागासाठी पुण्याचा पत्ता छापलेला असू शकतो. तिकडे पाठवून दिवस घालवू नका. आणि ‘लोकपालांकडून सोडवून देतो, इतके टक्के द्या’ म्हणणाऱ्याला वाटेला लावा. तिथे वकील किंवा एजंट चालतच नाहीत.

१६. अर्जात मागणीची रक्कम नेमकी लिहा.
बिलाची एकूण रक्कम, मिळालेली रक्कम आणि बाकी, तीन आकडे. मानसिक त्रासाची भरपाई इथे जोडू नका, लोकपाल प्रत्यक्ष नुकसानीपुरतंच देऊ शकतात.

१७. सुनावणीची पाच मिनिटांची तयारी करा.
सुनावणी व्हिडिओवरही होते. घरात मोठ्यानं बोलून बघा: आजार काय, दाखल का केलं, कंपनीनं कोणतं कलम लावलं, ते का लागू नाही, कोणतं जोडपत्र ते दाखवतं. कंपनीच्या प्रतिनिधीनं नवंच कारण काढलं, तर शांतपणे म्हणा, ‘हे कारण नामंजुरीच्या पत्रात नव्हतं,’ आणि ते नोंदवून घ्यायची विनंती करा.

१८. निवाड्याची तारीख लिहून ठेवा.
सगळे कागद पोचल्यापासून तीन महिन्यांत निवाडा अपेक्षित असतो. तो तुमच्या बाजूनं लागला, तर कंपनीनं ३० दिवसांत पाळायचा. नाही पाळला, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला ५,००० रुपये तुम्हाला देणं कंपनीवर लागू होतं. एकतिसाव्या दिवशी या रकमेची मागणी करणारा ईमेल टाका.

१९. निवाडा विरुद्ध गेला तर ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार लावा.
तुम्ही राहता त्या जिल्ह्यात ती करता येते आणि ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइनही भरता येते. भरलेला हप्ता पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मनस्तापाची भरपाई आणि व्याज इथे मागा. सावधान: लोकपालांकडे प्रकरण चालू असताना आयोगात जाऊ नका, नाहीतर लोकपाल ते बंद करतात. तिसऱ्या पायरीत लिहिलेली दोन वर्षांची तारीख बघून निघा आणि तोच क्रमांक घातलेला संच सोबत न्या.