किल्ली मिळाली, गाडी नाही

बुटीबोरीच्या कारखान्यातली नोकरी सोडताना प्रस्तुत लेखकाने कंपनीची चार वर्षं वापरलेली मोटार विकत घेतली. पैसे बँकेतून भरले, पावती मिळाली. एचआरच्या साहेबांनी मालकी बदलाच्या 29 आणि 30 नंबरच्या फॉर्मवर सह्या करून किल्ली हातात ठेवली. घरी नारळ फुटला. फॉर्म मात्र सात महिने कपाटातच राहिले.

नागपुरात गाड्यांच्या नोंदणीचे तीन नंबर चालतात: 31 शहराचा, 40 ग्रामीणचा, 49 पूर्व नागपूरचा. कंपनी बुटीबोरीची, म्हणून गाडी 40ची. आरटीओच्या खिडकीवरच्या बाईंनी आरसी पाहिली, मालकाच्या रकान्यात ‘प्रायव्हेट लिमिटेड’ वाचलं आणि एकच विचारलं, “ठराव कुठाय?”

ठराव नव्हता. सही करणारे साहेब तोवर नोकरी सोडून पुण्याला गेले होते, आणि नव्या व्यवस्थापनाच्या लेखी त्यांच्या सहीला काहीच अर्थ नव्हता. संचालक मंडळाची पुढची बैठक, नवा ठराव, नव्या सह्या यात आणखी चार महिने गेले. कंपनी बोलते ती ठरावातून. लेटरहेडवरच्या त्या कागदावर गाडीचा आणि चेसिसचा नंबर, घेणाऱ्याचं नाव, किंमत आणि सही करण्याचा अधिकार कोणाला दिला ते असावं. त्या व्यक्तीच्या सहीचा नमुनाही साक्षांकित करून घ्यावा. गाडी कर्जावर घेतलेली असेल, तर बँकेचा बोजा उतरवणारा 35 नंबरचा फॉर्म आणि बँकेचं ना-हरकत पत्रही लागतं. हे सगळं किल्लीबरोबरच मागून घ्या. निरोपसमारंभाच्या दिवशी सगळे जागेवर असतात, नंतर कोणी सापडत नाही.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 50 प्रमाणे गाडी राज्यातल्या राज्यात विकली तर विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. मुदत उलटली की दंड, पण खरी भीती वेगळी आहे. 2018 मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे अशीच एक मोटार होती: अनेक हातांतून विकली गेलेली, नोंदणी मात्र पहिल्याच्याच नावावर. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी न्यायालयाने त्या नोंदलेल्या मालकावरच टाकली. म्हणजे त्या अकरा महिन्यांत या लेखकाच्या हातून अपघात झाला असता, तर भरपाईसाठी दार आधी कंपनीचं वाजलं असतं. कंपन्यांच्या लेखा विभागांनी हे नीट ध्यानात घ्यावं.

घेणाऱ्याचा धोका विम्यात आहे. 1995 च्या कम्प्लीट इन्शुलेशन्स प्रकरणात गाडी एका कंपनीने घेतली होती, पॉलिसी मात्र आधीच्या मालकाच्या नावावर राहिली. गाडी विकली की विमा आपोआप सरकतो तो फक्त तिऱ्हाइताच्या नुकसानीपुरता, असं सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं. स्वतःच्या गाडीची दुरुस्ती हवी असेल, तर पॉलिसीवर आपलं नाव चढवून घ्यावंच लागतं. त्यासाठीचा अर्ज 14 दिवसांत द्यायचा असतो.

आयकराचा हिशेब तर बहुतेकांना माहीतच नसतो. कंपनीने कर्मचाऱ्याला स्वस्तात गाडी दिली, तर ती सवलत पगारात धरली जाते. मोटारीची मूळ किंमत दरवर्षी उरलेल्या रकमेच्या 20 टक्क्यांनी उतरवतात. 10 लाखांची गाडी चार पूर्ण वर्षांनी 4,09,600 रुपयांची ठरते. ती दीड लाखात मिळाली, तर उरलेले 2,59,600 रुपये उत्पन्नात जमा होतात आणि त्यावर कर बसतो. घेणारा संचालक असेल, तर कंपनी कायद्याचं कलम 188 लागू होतं का, हे सीएला आधी विचारावं.

शेवटी एका सकाळी एजंटने चेसिसच्या कोरीव आकड्यांवर पांढरा कागद धरला आणि त्यावर पेन्सिल आडवी घासली. करड्या पट्टीत एकेक अक्षर उमटत गेलं. तो ठसा फॉर्मला चिकटला आणि काही आठवड्यांनी नवी आरसी घरी आली. मग राहिला फास्टॅग. वर्ध्याच्या प्रत्येक फेरीचा टोल इतके महिने कंपनीच्या खात्यातून जात होता. ती रक्कम परत भरून जुना टॅग बंद करायला लावला आणि स्वतःच्या नावाचा नवा काचेवर लावला.