एका संघाची कहाणी

इ. स. १९४० च्या डिसेंबर महिन्यातील ही गोष्ट आहे. त्या दिवसांत साऱ्या देशाचे डोळे वर्ध्याकडे लागलेले होते. १७ ऑक्टोबर रोजी विनोबांनी पवनार येथे युद्धविरोधी भाषण करून वैयक्तिक सत्याग्रहास आरंभ केला होता, आणि त्यांच्यामागून एकेक सत्याग्रही तुरुंगाची वाट धरीत होता. अशा धामधुमीच्या वेळी मुंबईच्या हिंदू जिमखान्याचे काही सभासद वर्ध्यास येऊन गांधीजींना भेटले. त्यांचा प्रश्न सत्याग्रहाचा नव्हता, खादीचाही नव्हता. तो होता क्रिकेटचा! मुंबईत १४ डिसेंबरपासून पंचरंगी सामने सुरू व्हावयाचे होते. त्यांत हिंदूंच्या संघाने खेळावे की न खेळावे, असा पेच त्यांच्यापुढे पडला होता.

चेंडूफळीच्या खेळाविषयीचा असा प्रश्न मुंबईहून इतक्या दूर आणि तोही गांधीजींपुढे का यावा? ते समजण्यास त्या संघाचा इतिहास ठाऊक असावयास हवा.

क्रिकेट हा खेळ आपल्याकडे इंग्रजांनी आणला. एतद्देशीयांपैकी तो प्रथम उचलला मुंबईच्या पारशांनी. इ. स. १८४८ मध्ये त्यांनी आपला पहिला क्लब स्थापन केला. पुढे १८८६ व १८८८ या साली त्यांचे संघ इंग्लंडातही खेळून आले. १८९२ पासून मुंबई इलाख्यातील युरोपियन आणि पारशी यांचे सामने नियमाने होऊ लागले. पारशांच्या मागोमाग हिंदूंनी हा खेळ हाती घेतला. १८९४ मध्ये हिंदू जिमखाना निघाला. १९०७ पासून युरोपियन, पारशी व हिंदू असे तिरंगी सामने सुरू झाले. १९१२ मध्ये मुसलमानांचा संघ येऊन मिळाल्यावर ते चौरंगी झाले. आणि १९३७ मध्ये ख्रिस्ती, ज्यू इत्यादिकांचा ‘इतर’ या नावाचा पाचवा संघ आला, तेव्हा त्यांस पंचरंगी हे नाव मिळाले. आज आपण ज्याप्रमाणे मुंबई, विदर्भ, कर्नाटक असे संघ पाहतो, त्याप्रमाणे तेव्हा धर्मावरून संघ पाडलेले असत. हे सामने पाहण्यास हजारो लोक लोटत. खेळाडूंना मात्र खेळावर पोट भरता येत नसे. कोणी रेल्वेत, कोणी सरकारी कचेरीत, तर कोणी संस्थानिकाच्या पदरी चाकरी करून खेळत असे.

हिंदू संघाच्या इतिहासातील पहिले मोठे नाव पालवणकर बाळू यांचे होय. चर्मकार समाजातील हे कुटुंब मूळचे कोकणातील. पुण्यास पारशांच्या एका क्लबात खेळपट्टी झाडावी, ती रुळाने सपाट करावी, अशी कामे बाळू करीत. पुढे इ. स. १८९२ च्या सुमारास ते पुण्याच्या युरोपियनांच्या क्लबात गेले. तेथे त्यांस दरमहा चार रुपये वेतन मिळे. जाळी बांधावी, खेळपट्टी आखावी आणि साहेब लोकांना सरावासाठी चेंडू टाकावे, असा त्यांचा दिनक्रम असे. फलंदाजीची संधी त्यांच्या वाट्यास क्वचितच येई. तथापि डाव्या हाताने संथ, फिरकी चेंडू टाकण्याची त्यांची कला याच सरावातून तयार झाली. जे. जी. ग्रेग हे त्या काळचे नामांकित फलंदाज मुद्दाम लवकर येऊन त्यांच्या गोलंदाजीवर सराव करीत. ग्रेगना बाद केल्यास बाळूंना दर वेळी आठ आणे मिळत, अशी आख्यायिका आहे.

पुण्यातील हिंदू खेळाडूंनी या गोलंदाजाची कीर्ती ऐकली. त्यास संघात घ्यावे की नाही, यावर बराच वाद झाला. विजयाची इच्छा आणि सोवळे यांचा तो झगडा होता. शेवटी तडजोड निघाली ती अशी: मैदानावर बाळू सर्वांच्या बरोबरीने खेळत, पण चहाच्या वेळी त्यांचा चहा मंडपाबाहेर, मातीच्या निराळ्या पात्रात दिला जाई, आणि जेवणाचे ताटही वेगळे असे. ज्या हातातून सुटलेला चेंडू सर्वांनी आनंदाने झेलावा, त्या हाताचा स्पर्श चहाच्या पेल्याला मात्र चालू नये! रूढीने बांधलेल्या मनास यातील विसंगती दिसत नाही, हेच खरे. पुण्यातील एका समारंभात न्यायमूर्ती रानडे यांनी बाळूंचा जाहीर गौरव केला, तेव्हा या रूढीस पहिला धक्का बसला.

पुढे बाळू मुंबईस आले आणि रेल्वेत नोकरी करून हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. मुंबईत बंधने काहीशी सैल झाली होती. इतर खेळाडूंबरोबर बसून त्यांस भोजन करता येऊ लागले. इ. स. १९०६ च्या फेब्रुवारीत हिंदू व युरोपियन यांचा संस्मरणीय सामना झाला. हिंदूंनी दोन डावांत २४२ व १६० धावा केल्या. युरोपियनांचे डाव १९१ व १०२ धावांत आटोपले, आणि १०९ धावांनी हिंदूंचा विजय झाला. त्या संघात बाळूंबरोबर त्यांचे धाकटे बंधू शिवराम हेही होते. राज्यकर्त्यांचा त्यांच्याच खेळात झालेला हा पराभव लोकांना स्वदेशीच्या त्या दिवसांत मोठ्या अभिमानाचा वाटला. ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ या पत्राने त्यातून निराळाच बोध घेतला. जातिभेद बाजूस सारल्यामुळे जर हा विजय मिळाला, तर समाजाच्या इतर व्यवहारांत तो भेद का पाळावा, अशी त्याची विचारसरणी होती.

इ. स. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नायकत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. त्यात हिंदू, मुसलमान, पारशी, शीख असे सर्व धर्मांचे खेळाडू होते. संघाला यश बेताचेच आले. पण बाळूंनी त्या दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. ते परत आल्यावर मुंबईत त्यांचा सत्कार झाला. तरुण भीमराव आंबेडकरांनाही त्यांच्याविषयी मोठा आदर वाटत असे.

असे असूनही हिंदू संघाचे नायकत्व बाळूंना कधी मिळाले नाही. एम. डी. पै यांची इ. स. १९१३ मध्ये नायक म्हणून निवड झाली, तेव्हा हा मान वडीलकीच्या नात्याने बाळूंकडे जावयास हवा होता, असे त्यांनी स्वतःच मोकळेपणाने सांगितले. संघात घेणे एक आणि संघ हाती सोपविणे दुसरे. नायकाची आज्ञा इतर दहांनी पाळावयाची असते. आणि तेथेच रूढी आडवी येत होती.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. असा भेद केवळ आपल्याच देशात होता, असे नाही. इंग्लंडातही हौसेने खेळणारे ‘जंटलमन’ आणि पैसे घेऊन खेळणारे ‘प्लेअर’ असे दोन वर्ग होते. पुष्कळ मैदानांवर त्यांची कपडे बदलण्याची दालने व मैदानात उतरण्याची दारेही निराळी असत. इंग्लंडच्या संघाचे नायकत्व धंदेवाईक खेळाडूकडे नियमितपणे सोपविले गेले ते १९५२ मध्ये, लेन हटन यांच्या रूपाने. आणि हा वर्गभेद कागदावरून पुसला जाण्यास १९६२ साल उजाडावे लागले. तेथे भेद पैशाचा व कुळाचा होता, येथे जन्माचा व शिवाशिवीचा. आपल्याकडील भेद अधिक निष्ठुर खरा; पण गुणांकडे पाठ फिरविण्याची वृत्ती दोन्हींकडे एकच.

बाळूंचे तीन बंधू शिवराम, गणपत व विठ्ठल हेही उत्तम खेळाडू होते, आणि काही काळ चौघे भाऊ एकाच संघात खेळले. इ. स. १९२० मध्ये पै आजारी पडल्यामुळे दुसरा नायक निवडण्याची वेळ आली. तेव्हा निवड समितीने बाळूंना संघातूनच वगळले आणि नायकत्वासाठी त्यांच्या भावांचाही विचार केला नाही. विठ्ठल व शिवराम यांनी या अन्यायाचा निषेध करणारे पत्र काढले आणि ते संघातून बाजूस झाले. त्यांनी आक्रस्ताळेपणा केला नाही. पण अपमान मुकाट्याने गिळलाही नाही. लोकमत त्यांच्या बाजूस वळले. अंतिम सामन्याच्या वेळी पै परतले, बंधूंनाही सन्मानाने बोलावण्यात आले, आणि बाळूंना उपनायक नेमण्यात आले. त्या सामन्यात काही वेळ पै स्वतः मैदानाबाहेर राहिले व संघाची सूत्रे बाळूंच्या हाती आली.

जे थोरल्या भावास मिळाले नाही, ते अखेर धाकट्यास मिळाले. इ. स. १९२३ मध्ये विठ्ठल हिंदू संघाचे नायक झाले. त्या वर्षी अंतिम सामन्यात युरोपियनांस हरवून हिंदूंनी अजिंक्यपद मिळविले. विठ्ठल यांच्या नायकत्वाच्या चार वर्षांत संघ तीन वेळा अजिंक्य ठरला. आपल्या आयुष्याची हकीकत त्यांनी पुढे ‘माझे क्रीडा-जीवन’ या मराठी पुस्तकात लिहून ठेवली. वर्ध्याच्या लक्ष्मीनारायण मंदिराचे दार जमनालाल बजाज यांनी १९२८ मध्ये सर्व जातींना मोकळे केले. त्यापूर्वी पाच वर्षे मैदानावरचे हे दार उघडले होते. बाळू पुढे सार्वजनिक कार्यातही पडले. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची स्वाक्षरी आहे. इ. स. १९५५ मध्ये त्यांचे देहावसान झाले.

याच संघातून नागपूरचे सी. के. नायडू पुढे आले. डिसेंबर १९२६ मध्ये इंग्लंडहून आलेल्या एम. सी. सी. संघाविरुद्ध त्यांनी सुमारे दोन तासांत १५३ धावा काढल्या व अकरा षट्कार मारले. त्यानंतर दोन वर्षांनी भारतीय क्रिकेट नियामक मंडळ स्थापन झाले, आणि १९३२ मध्ये लॉर्ड्सच्या मैदानावर भारताने पहिला कसोटी सामना खेळला तो नायडूंच्याच नायकत्वाखाली.

आता आपण पुन्हा वर्ध्याकडे वळू. संघाच्या आतील जातीची भिंत ढासळली होती. पण संघासंघांमधील धर्माची भिंत तशीच उभी होती. सामन्यांचे पुरस्कर्ते म्हणत, की मैदानावर सर्व धर्मांचे लोक खिलाडूपणाने एकत्र येतात व त्यामुळे स्नेहच वाढतो. विरोधक म्हणत, की देशात आधीच तेढ वाढत असताना धर्माच्या नावाने जयघोष करण्याची सवय लोकांना लावणे घातक आहे. गांधीजींनी आपले मत स्पष्ट सांगितले. देशाचे पुढारी तुरुंगात जात असताना असा उत्सव नको, असे म्हणणाऱ्यांशी त्यांनी सहमती दर्शविली. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. शाळांचे, संस्थांचे सामने आपण समजू शकतो. मात्र हिंदू, पारशी, मुसलमान असे संघ पाडून खेळण्याचे कारण आपणास कधीच उमगले नाही. अशी फाळणी खिलाडूपणास शोभणारी नव्हे, असा त्यांच्या निवेदनाचा आशय होता.

हिंदू जिमखान्याने त्या वर्षी माघार घेतली. सामने मात्र झालेच, आणि पुढल्याच वर्षी हिंदू संघही पुन्हा मैदानात उतरला. एका शब्दाने जुनी सवय सुटत नसते. पुढील वर्षांत काही अपूर्व खेळही पाहावयास मिळाला. १९४३ च्या अंतिम सामन्यात विजय मर्चंट यांनी हिंदूंकडून नाबाद २५० धावा केल्या, तर सांगलीच्या विजय हजारे यांनी ‘इतर’ संघाच्या ३८७ धावांपैकी एकट्याने ३०९ धावा काढल्या. तथापि विरोध वाढतच गेला आणि १९४६ मध्ये हे सामने कायमचे बंद झाले. प्रांतवार संघांची रणजी करंडक स्पर्धा १९३४ पासून चालूच होती. तिने त्यांची जागा घेतली.

अशा रीतीने त्या संघाचा शेवट झाला. त्याने मोठे विजय मिळविले, थोर खेळाडू घडविले. परंतु त्याच्या कहाणीतून आपण घ्यावयाचे ते दोन प्रश्न होत. आपल्या संघात कोणाला स्थान देतो, हा पहिला. आणि कोणाच्या नावाने खेळतो, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर पालवणकर बंधूंनी आपल्या गुणांनी व स्वाभिमानाने मिळविले. दुसऱ्याचे उत्तर देशाने उशिरा, पुष्कळ वादानंतर दिले. तुम्ही आपल्या शाळेच्या मैदानावर संघ निवडाल, तेव्हा हे दोन्ही प्रश्न आठवा.

स्वाध्याय

१. हिंदू जिमखान्याचे सभासद वर्ध्यास का आले होते?
२. तिरंगी, चौरंगी व पंचरंगी ही नावे सामन्यांस कशी मिळाली, ते सांगा.
३. ‘संघात घेणे एक आणि संघ हाती सोपविणे दुसरे,’ या वाक्याचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
४. इ. स. १९२० मध्ये विठ्ठल व शिवराम यांनी काय केले? तुम्हांस त्यांचे वर्तन योग्य वाटते काय? सकारण लिहा.
५. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा: आख्यायिका, विसंगती, नायकत्व, तडजोड, खिलाडूपणा.