गवत वाढलंय, जावं का?

प्रश्न : आम्ही मुलाकडे अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या लेक्झिंग्टनला आलो आहोत. घराजवळ विलर्ड्स वूड्स नावाची जागा आहे. पायवाटा आहेत, पण कुरणात गवत माजलेलं, तिकीटखिडकीही नाही. खासगी जागा तर नसेल? दोघंही साठीपुढचे आहोत. – एक वाचक

उत्तर : काका, खुशाल जा. ही गावाने राखलेली जागा आहे, सगळ्यांना खुली आणि विनामूल्य. गवत वाढू देणं हा हलगर्जीपणा नव्हे. अशा कुरणांत फुलपाखरं वाढतात, काही पक्षी जमिनीवरच घरटी करतात, म्हणून कापणी जपून करावी लागते. फाटकाजवळच्या फलकावरच्या वेळा मात्र पाळा.

खरी काळजी घ्यायची ती गोचिडीची. लाइम रोग पसरवणारी तिथली गोचीड मे ते जुलैत खसखशीच्या दाण्याएवढी असते, चढलेली कळतही नाही. पायवाटेच्या मधून चाला. फिकट रंगाची फुल पँट घालून तिचे पाय मोज्यांत खोचा. घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, कमरेला, केसांच्या कडेला नीट पाहा. चिकटलेली दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. तेल, काडेपेटी अजिबात नको. २४ तासांच्या आत काढली तर लाइमचा धोका फार कमी असतो. पुढच्या महिनाभरात पुरळ किंवा ताप आलाच, तर डॉक्टरांना गोचिडीचं आवर्जून सांगा.

तीन-तीन पानांच्या वेलींनाही हात लावू नका, अंगाला खाज सुटते. आणि काकूंना बरोबर न्या.