आधी खणणे, मग खत



धर्मगुरूनिवासाच्या गच्चीवर आम्ही कुंड्या ठेवल्या, तेव्हा बागकाम म्हणजे सोपे काम असा आमचा समज होता. माती, रोप आणि पाणी असले की झाले, बाकी देव पाहील! पहिल्या खेपेस टोमॅटोची सहा रोपे लावली. एकही जगले नाही.

कुंड्या लहान होत्या. अंगणातली चिकणमाती त्यांत ठासून भरली होती, त्यामुळे तळाची भोके बुजली होती. आम्ही मात्र सकाळ-संध्याकाळ न चुकता पाणी घालत होतो. पाने पिवळी पडून माना टाकू लागली, तेव्हा रोपे तहानली असे समजून आणखी पाणी घातले. मग मूठमूठ युरिया टाकला. पानांच्या कडा करपल्या आणि सगळे संपले. दुसऱ्या खेपेसही तेच घडले, कारण आम्हीही तेच केले होते.

शेवटी वाडी राखणाऱ्या एका आजोबांनी विचारले, "फादर, कुंडी उलटी करून बघितली का?" आम्ही बघितली नव्हती. उलटी केली तेव्हा मुळे तपकिरी, मऊ झालेली आणि मातीला कुजका वास. मुळांनाही हवा लागते. मातीच्या कणांमधल्या पोकळीत पाणी साचून राहिले की हवेला जागा उरत नाही आणि मुळे कुजतात. कुजलेले मूळ पाणी ओढू शकत नाही. म्हणून पाण्यात उभे राहूनही झाड तहानेने मरते.

तिसऱ्या खेपेस आम्ही चार गोष्टी बदलल्या :

१. टोमॅटोसाठी किमान बारा इंच खोल कुंडी घेतली. तळाची भोके मोकळी ठेवली आणि कुंडी विटांवर उचलून ठेवली.

२. नुसत्या मातीऐवजी माती, कुजलेले शेणखत आणि नारळाच्या काथ्याचा भुसा एकत्र करून भरला.

३. बोटाचे एक पेर मातीत खुपसून पाहायचे. आत ओल असेल तर पाणी घालायचे नाही.

४. निदान सहा तास ऊन मिळेल अशी जागा निवडली.

त्या वर्षी सहापैकी चार रोपांना फळ धरले.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलचा एक विचार ऐकला होता. वाद्य वाजवूनच माणूस चांगला वादक होतो आणि वाद्य वाजवूनच वाईट वादकही होतो. म्हणजे नुसते करत राहणे पुरेसे नाही. अपयशसुद्धा आपोआप काही शिकवत नाही. कारण शोधले नाही तर दुसरे अपयश पहिल्याचीच नक्कल ठरते.

संत लूकच्या शुभवर्तमानात अंजिराच्या झाडाचा दाखला आहे (लूक १३:६-९). तीन वर्षे फळ न मिळाल्याने मालक झाड तोडायला सांगतो. माळी आणखी एक वर्ष मागून घेतो. तो काय करणार, याचा क्रम पाहण्यासारखा आहे. तो आधी झाडाभोवती खणणार आहे आणि मग खत घालणार आहे. आम्ही हा दाखला अनेकदा वाचला, त्यावर प्रवचनेही दिली. पण खणण्याकडे आमचे लक्ष गेले ते कुंडी उलटी केल्यावर.

आणि तेव्हाच एक मुलगा आठवला. बारावीत नापास झाला म्हणून वडील त्याला आमच्याकडे घेऊन आले होते. आम्ही त्याला तासभर उपदेश केला. पुढे तो दिसला की पुन्हा उपदेश. हळूहळू त्याने मिस्साला येणे सोडले. त्याला काय झाले आहे, हे आम्ही एकदाही विचारले नव्हते. आमची माया खरी होती, पण ती बुजलेल्या कुंडीत ओतलेल्या पाण्यासारखी होती. आम्ही त्याच्या घरी गेलो, क्षमा मागितली आणि त्या दिवशी फक्त ऐकले. आजही तो दर रविवारी येतो असे नाही. पण वाटेत भेटला की थांबतो, बोलतो.

दाखल्यातल्या झाडाला पुढे फळ आले की नाही, हे प्रभू येशूने सांगितलेले नाही. माळ्याला मिळाले ते एक वर्ष. आपल्यालाही तेवढेच मिळते. प्रायश्चित्त साक्रामेंताआधी आपण अंतःकरणाची तपासणी करतो, तीही कुंडी उलटी करून पाहण्यासारखीच आहे. ती आपल्याला लाजवण्यासाठी नसते. मूळ कुठे कुजले आहे ते कळावे, म्हणून ती असते.

या आठवड्यात चिंतनासाठी :

• कोणती चूक मी पुन्हा पुन्हा करतो? तिचे कारण मी कधी शोधले आहे का?

• माझ्या घरात असे कोणी आहे का, ज्याला मी सल्ले देतो, पण ज्याचे ऐकत नाही?

• माझ्यासाठी एक वर्ष मागून घेणारा माळी कोण होता? मी त्याचे आभार मानले का?

प्रभू आपणा सर्वांना खणण्याचे धैर्य आणि वाट पाहण्याची सबुरी देवो.